बीजाभोवतीचं पाणी

आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत ‘पिकअप’चा, म्हणजे स्त्रीच्या बीजकोशांतून सुईने बीजं काढून घेण्याचा, दिवस असला की शेजारच्या ऑपरेशन थिएटरमधून चाचणीनळ्या एकेक करून आत येऊ लागतात. नळ्या 37 अंशांवर, म्हणजे शरीराच्या उबेला ठेवलेल्या असतात. आत थोडंसं पाणी असतं, पिवळसर, कधी रक्त मिसळून तांबूस झालेलं. एम्ब्रिऑलॉजिस्ट ते उथळ बशीत ओतते, बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवते आणि कडेकडेने नजर फिरवत जाते. पाण्यात मोकळ्या पेशी असतात, रक्ताचे कण असतात, आणि मग एक चिकट, धुरकट पुंजका दिसतो. त्याच्या मधोमध फिकट गोल ठिपका. “एक मिळालं,” ती आतल्या डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. पुंजका बारीक पिपेटने अलगद उचलला जातो. उरलेलं पाणी बहुतेक वेळा जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीत जातं.

त्या पाण्याविषयी वाचायला लागल्यापासून ते कचऱ्यात जातं हे मनाला पटेनासं झालं आहे. कारण बीज चांगलं की नाही हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग आजही कुणाकडे नाही. बीजाच्या आत शिरून रसायनं मोजायची तर बीज फोडावं लागतं, आणि फोडलेल्या बीजातून बाळ होत नाही. म्हणून एम्ब्रिऑलॉजिस्ट बीजाचं रूप पाहते, कवच पाहते, आतला द्रव दाणेदार आहे का ते पाहते, आणि अनुभवाने अंदाज बांधते. पण ते बीज ज्या पाण्यात वाढलं, ज्या पाण्यातून त्याला अन्न मिळालं आणि ज्या पाण्यात त्याच्या सोबतच्या पेशींनी आपला टाकाऊ माल सोडला, ते पाणी तर समोरच नळीत आहे. बीजाला न दुखवता त्याच्या घरची खबर देणारा हा एवढाच ऐवज.

आधी बीजाच्या वयाचा हिशेब पाहू. ज्या स्त्रीचं हे बीज, ती स्वतः आईच्या पोटात असतानाच ते तयार झालेलं असतं. गर्भ साधारण 20 आठवड्यांचा असतो तेव्हा त्या इवल्याशा बीजकोशांत 60 ते 70 लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी 10 ते 20 लाख उरतात, पाळी सुरू होते तेव्हा 3 ते 4 लाख. त्यांतली जेमतेम 400 कधीतरी पिकून बाहेर पडतात, बाकीची आतल्या आत विरून जातात. आणि ही सगळी बीजं एका पेशीविभाजनाच्या ऐन मध्यावर थांबलेली असतात. गुणसूत्रांच्या जोड्या जुळल्या आहेत, वाटणी व्हायची आहे, आणि तिथेच सगळं थबकलेलं. पस्तिशीतल्या स्त्रीच्या बीजाने या अवस्थेत पस्तीस वर्षांहून जास्त काळ काढलेला असतो.

इतकी वर्षं एखादी पेशी न सडता, न गंजता टिकते कशी? बार्सिलोनातल्या एल्व्हान ब्योके यांच्या गटाने 2022 साली ‘नेचर’मध्ये याचं एक उत्तर मांडलं. पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकाँड्रियामध्ये प्रथिनांची एक साखळी असते. तिच्या पहिल्या टप्प्यावर, कॉम्प्लेक्स-वनवर, पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. माणसाच्या आणि बेडकाच्या झोपलेल्या बीजांनी हा पहिला टप्पाच जवळजवळ बंद करून ठेवलेला त्यांना आढळला. ऊर्जा कमी मिळाली तरी चालेल पण धग नको, असा हा बेत. निरोगी प्राण्याच्या दुसऱ्या कुठल्या पेशीत असं पाहिल्याची नोंद तोवर नव्हती.

अशा झोपलेल्या बीजांपैकी काही दर महिन्याला जागी होण्याच्या वाटेला लागतात. बीजाभोवतीच्या पेशींचे थर वाढतात, मग त्या थरांमध्ये फटी पडतात, फटींत पाणी साचतं, आणि पाण्याचा एक गोल तयार होतो. यालाच फॉलिकल म्हणतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर जो काळा गोळा दिसतो आणि ‘फॉलिकल स्टडी’त ज्याची मापं रोज लिहून घेतात, तो हाच. तो साधारण 18 ते 22 मिलिमीटरचा झाला की फुटण्याच्या बेताला येतो. त्याच्या आतलं बीज मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं. डच वैद्य रेनिअर द ग्राफ यांनी 1672 साली या फुग्यांचं वर्णन केलं तेव्हा त्यांना अख्खा फुगाच अंडं वाटला होता. खरं बीज त्याच्या आत आहे हे कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना कुत्रीच्या बीजकोशात दिसलं, 1827 साली. मधल्या दीडशे वर्षांत पाणी दिसत होतं, बीज दिसत नव्हतं. आज आपलं नेमकं उलट झालंय.

हे पाणी येतं कुठून? फॉलिकलच्या बाहेरच्या थरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, पण आतल्या थरात एकही रक्तवाहिनी शिरत नाही. म्हणजे माणसाच्या शरीरातली ही सगळ्यांत मोलाची पेशी रक्तापासून दूर, कमी ऑक्सिजनच्या जागी राहते. रक्तातून जे पाझरतं ते एका पातळ पडद्यातून गाळून आत येतं. मीठ, साखर, अमिनो आम्लं, लहान प्रथिनं सहज येतात, मोठी प्रथिनं बाहेर अडतात. आतल्या पेशी स्वतः हायलुरॉनिक आम्लासारखे लांबलचक रेणू सोडतात, आणि ते बाहेरचं पाणी आत ओढून घेतात. चेहऱ्याच्या क्रीमच्या जाहिरातींत ज्याचं नाव ऐकू येतं तेच हे आम्ल. जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत मेलिना शू यांच्या गटाने उंदरांच्या फॉलिकलमधून बीज सुटतानाचं सबंध चित्रण करून 2024 मध्ये प्रसिद्ध केलं. फॉलिकल आधी फुगतो, मग आकसतो, मग फुटतो. फुगण्यामागे हे हायलुरॉनिक आम्लच होतं. ते तयार होऊ दिलं नाही तर बीज बाहेर पडेना.

आणि बाहेर अडकलेल्या मोठ्या प्रथिनांचंही काम ठरलेलं आहे. इंटर-अल्फा-इन्हिबिटर नावाचं एक थोराड प्रथिन रक्तात फिरत असतं. फॉलिकलच्या पडद्यातून ते एरवी आत येऊ शकत नाही. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच संप्रेरकाची लाट आली की पडदा सैलावतो, ते आत शिरतं आणि हायलुरॉनिक आम्लाच्या धाग्यांना जोडलं जातं. त्यातून बीजाभोवतीच्या क्युम्युलस पेशी एकमेकींपासून सुटून चिकट पुंजक्यात पसरतात. एम्ब्रिऑलॉजिस्टला बशीत दिसतो तो पुंजका असा बांधला गेलेला असतो. ज्या उंदरांत हे प्रथिन नीट बनत नाही, त्यांच्या माद्यांत पुंजका टिकत नाही आणि त्यांना पिल्लं होत नाहीत.

आता या पाण्यात काय काय आहे ते बघू. पिकत आलेल्या फॉलिकलमध्ये इस्ट्रोजेन रक्ताच्या शेकडो पट असतं, कधी हजार पटही. पण मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते साध्या साखरेच्या गोष्टीने. बीज ही प्रचंड पेशी आहे, तिच्यात मायटोकाँड्रियाच्या जनुकसंचाच्या प्रतीच लाखांच्या घरात असतात. तरी तिला ग्लुकोज नीट वापरता येत नाही. 1967 मध्ये जॉन बिगर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या बीजांना निरनिराळं अन्न देऊन पाहिलं. नुसत्या ग्लुकोजवर बीज पुढे सरकेना, पायरुव्हेटवर सरकलं. पायरुव्हेट म्हणजे ग्लुकोज तोडल्यावर मिळणारा लहान तुकडा. तोडण्याचं काम भोवतीच्या क्युम्युलस पेशी करतात. त्यांचे बारीक तंतू बीजाचं कवच भेदून थेट बीजाला टेकलेले असतात. दात न आलेल्या बाळाला आईने वरणभात मऊ कालवून भरवावा, तशा या पेशी साखर कालवून बीजाला भरवतात.

पण या घरात बाळ स्वयंपाकाचे हुकूमही सोडतं. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन एपिग यांच्या गटाने उंदरांच्या फॉलिकलमधून बीज काढून घेतलं आणि भोवतीच्या पेशी तशाच ठेवल्या. पेशींचं साखर तोडण्याचं काम मंदावलं. बीज परत आणून ठेवलं की काम पुन्हा वाढलं. बीज जीडीएफ-9 आणि बीएमपी-15 यांसारखी प्रथिनं सोडतं, आणि त्या निरोपांवर भोवतीच्या पेशी साखर तोडतात, बीजासाठी अमिनो आम्लं आत घेतात, त्याच्या वाटचं कोलेस्टेरॉलही बनवतात. स्वतःला जे जमत नाही ते बीज दुसऱ्यांकडून करून घेतं. डोळ्यांना ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या पेशीची ही हुकमत वाचताना मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ तसाच बसून राहिलो होतो.

एकदा हे कळलं की पाण्यातल्या आकड्यांना अर्थ येतो. साखर तोडणाऱ्या पेशींना ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून तोडलेल्या साखरेतला मोठा वाटा लॅक्टेट होऊन पाण्यात उतरतो. धावून पाय भरून येतात तेव्हा स्नायूंत वाढतं तेच हे लॅक्टेट. 1990 साली इंग्लंडमधल्या हेन्री लीस आणि एलिझाबेथ लेंटन यांनी स्त्रियांच्या फॉलिकलमधलं पाणी मोजलं. ज्या फॉलिकलमध्ये लॅक्टेट जास्त तिथे ग्लुकोज कमी, असं उलटं नातं त्यांना दिसलं. म्हणजे या बंद कोठडीत चूल पेटलेली आहे की नाही, हे दोन रेणू मोजून कळू शकतं.

दोन रेणूंवरून पुढे शेकडो रेणूंकडे जाणं ही नंतरच्या काळातली करामत. तिला मेटाबोलोमिक्स म्हणतात: पेशींच्या रोजच्या उलाढालीत तयार होणाऱ्या लहान रेणूंची एकाच वेळी नोंद. एक पद्धत एनएमआरची. एमआरआयमध्ये जे तत्त्व वापरतात त्याच तत्त्वावर पाण्याचा नमुना जोरदार चुंबकात ठेवतात आणि त्यातली हायड्रोजनची अणुकेंद्रं कोणत्या सुरात प्रतिसाद देतात ते टिपतात. ग्लुकोजचा सूर वेगळा, लॅक्टेटचा वेगळा, प्रोलिनचा आणखी वेगळा. ही पद्धत नमुना खराब करत नाही, पण भरपूर असलेल्या काही डझन रेणूंपलीकडे तिला फारसं दिसत नाही. दुसरी मास स्पेक्ट्रोमेट्रीची. तीत रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचं वजन अतिशय बारकाईने पाहतात, आणि अगदी किंचित असलेले मेदरेणू नि संप्रेरकंही सापडतात.

डब्लिनमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये एनएमआर वापरून केलेला अभ्यास मला बोलका वाटतो. फलित होऊनही ज्या बीजांचं विभाजन पुढे झालं नाही, त्यांच्या फॉलिकलच्या पाण्यात लॅक्टेट कमी आणि ग्लुकोज जास्त होतं. पहिल्या नजरेला हे उलटं वाटतं, साखर जास्त म्हणजे अन्न जास्त ना? पण वरची गोष्ट आठवली की कोडं सुटल्यासारखं वाटतं. साखर उरली आहे, कारण ती तोडली गेली नाही. कदाचित चूल मंद होती, कदाचित हुकूम सोडणारं बीजच मलूल होतं. एवढ्याशा अभ्यासावरून ठाम बोलता येणार नाही, तरी धागा हातात येतो.

याच विषयात सगळ्यात पक्कं ज्ञान स्त्रियांकडून नव्हे, गायींकडून आलं आहे. भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यावर खाते त्याहून जास्त ऊर्जा दुधात घालवते आणि अंगावरची चरबी जाळू लागते. गाय वाळते, रक्तात मोकळी मेदाम्लं वाढतात. बेल्जियममधल्या जो लेरॉय आणि सहकाऱ्यांनी जिवंत गायींच्या फॉलिकलमधलं पाणी पुन्हा पुन्हा काढून तपासलं, तर रक्तातला हा बदल पाण्यातही उतरलेला होता. मग त्यांनी प्रयोगशाळेत बीजं पिकवताना पामिटिक आणि स्टिअरिक ही मेदाम्लं पाण्यात सापडली तेवढ्या प्रमाणात मिसळली, आणि बीजांची पुढची वाढ खालावली. संकरित एचएफ गाय पुन्हा पुन्हा उलटते म्हणून हैराण झालेला आपल्याकडचा दूध उत्पादक कारणं शोधताना रेतनाची वेळ तपासतो, रेतमात्रा तपासतो. व्यायल्यानंतरच्या आठवड्यांतलं खाद्य हेही एक कारण असू शकतं, हे त्या पाण्याने दाखवलं. स्थूलपणा असलेल्या स्त्रियांच्या फॉलिकलच्या पाण्यातही इन्सुलिन आणि ट्रायग्लिसराइड वाढलेली आढळली आहेत. पडदा पुष्कळ गाळतो, पण शरीरात जे चाललं आहे त्यापासून बीजाला पूर्ण वेगळं काढू शकत नाही.

या पाण्याचा शुक्राणूंशी असलेला संबंध तर खास सांगण्यासारखा. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या मायकेल आयझेनबाख यांच्या गटाने 1991 मध्ये दाखवलं की माणसाचे शुक्राणू फॉलिकलच्या पाण्याकडे ओढले जातात. पण प्रत्येक पाण्याकडे नाही. जवळपास निम्म्याच नमुन्यांत ती ओढ होती, आणि ज्या पाण्यात ओढ होती त्याच फॉलिकलमधलं बीज फलित होण्याची शक्यता जास्त होती. 2020 मध्ये स्टॉकहोम आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी त्याहून पुढची गोष्ट पाहिली. एका स्त्रीच्या फॉलिकलचं पाणी काही पुरुषांचे शुक्राणू जास्त ओढतं, दुसऱ्या स्त्रीचं पाणी दुसऱ्यांचे. आणि ही पसंती नेहमी तिच्या जोडीदाराकडेच झुकलेली नव्हती.

इतकं असूनही, या पाण्याची एक चाचणी करून ‘हे बीज ठेवा, ते सोडा’ असं सांगणारं यंत्र अजून दवाखान्यांत आलेलं नाही, आणि ते घाईने येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. काढलेलं पाणी क्वचितच शुद्ध असतं. सुई एका फॉलिकलमधून दुसऱ्यात जाते, रक्त मिसळतं, कधी बीज निघावं म्हणून फॉलिकल धुऊन घेतात. शिवाय हे नमुने बीजं पिकवण्यासाठी इंजेक्शनं घेतलेल्या स्त्रियांचे असतात. वय वाढल्यावर बीजं अपयशी ठरतात त्याचं मोठं कारण गुणसूत्रांची चुकलेली वाटणी हे आहे. गुणसूत्रांना एकत्र बांधून ठेवणारी कोहेसिन ही प्रथिनं वर्षानुवर्षांच्या मुक्कामात झिजत जातात, आणि पाणी मात्र शेवटच्या काही आठवड्यांत साचलेलं असतं. वीस वर्षांपूर्वी काय ढिलं पडलं ते त्यात लिहिलेलं असेलच असं नाही. भ्रूण वाढवतात त्या द्रवाची अशीच रासायनिक चाचणी करून भ्रूण निवडायची एक यंत्रणा मोठ्या आशेने आली होती. 2012 साली स्वीडन आणि नेदरलँड्समधल्या चाचण्यांत चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून पाहिलं, तर नुसत्या डोळ्यांनी केलेल्या निवडीपेक्षा तिने काही जास्त साधलं नाही.

हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे कारण ‘क्वालिटी’ हा शब्द ज्या बाईला ऐकावा लागतो, तिच्यावर त्याचा फार भार पडतो. ‘तुमच्या एग्जची क्वालिटी चांगली नाही’ हे वाक्य ऐकून बाहेर आलेली बाई आपण काय खाल्लं, किती उशिरा लग्न केलं, कशाचा ताण घेतला, असा स्वतःचाच पंचनामा करत बसते. एएमएचचा रिपोर्ट हातात असतो आणि त्यातला आकडा तिला निकालासारखा वाटतो. एएमएच हे संप्रेरक लहान फॉलिकलमधल्या पेशी बनवतात, त्यावरून साठा किती उरला याचा अंदाज येतो. बीज चांगलं की वाईट हे तो आकडा सांगत नाही. पाण्याचा अभ्यास खोलात गेला तर दोष बाईच्या माथी न मारता ‘इथे साखर तोडली जात नाही’, ‘इथे मेदाम्लं जास्त आहेत’ असं नेमकं बोलता येईल, आणि नेमकं बोललेल्यावर उपाय शोधता येतो.

मुंबईत परळला या शोधाचा एक धागा बराच जुना आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईत टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्याच संस्थेतल्या संशोधकांनी पुढे पीसीओएस हा बीजकोशांचा संप्रेरकीय विकार असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या फॉलिकलच्या पाण्यातल्या प्रथिनांची तुलना केली. बदललेल्या प्रथिनांत क्युम्युलसचा पुंजका बांधायला लागणारं एक प्रथिनही होतं.

आणि या पाण्याने दिलेला एक धडा प्रत्यक्ष बाळांपर्यंत पोचलाही आहे. पुढे गर्भनिरोधक गोळीसाठी प्रसिद्ध झालेले ग्रेगरी पिंकस यांनी 1935 मध्ये सहकारी एन्झमान यांच्यासोबत सशाचं बीज फॉलिकलमधून बाहेर काढलं, तर ते आपोआप जागं होऊन थांबलेलं विभाजन पुरं करायला लागलं. म्हणजे बीजाला झोपवून ठेवणारं काहीतरी फॉलिकलच्या आतच असणार. 1980च्या दशकात स्टीफन डाउन्स आणि एपिग यांना पाण्यात हायपोझँथिन हा झोपवणारा रेणू सापडला. 2010 साली आणखी मोठा दुवा लागला: फॉलिकलच्या भिंतीतल्या पेशी सीएनपी नावाचं लहानसं प्रथिन सोडतात, त्यामुळे क्युम्युलस पेशींत सीजीएमपी हे निरोप पोचवणारं रसायन तयार होतं, ते बीजात झिरपतं आणि बीज झोपलेलं राहतं. एलएचची लाट आली की हा पुरवठा आटतो आणि बीज उठतं. ब्रसेल्समधल्या योहान स्मिट्झ यांच्या गटाने यातून साधी युक्ती काढली. अपुऱ्या पिकलेल्या बीजांना बशीत आधी सीएनपी देऊन आणखी थोडा काळ झोपू द्यायचं, भोवतीच्या पेशींना भरवण्याचं काम पुरं करू द्यायचं, आणि मगच उठवायचं. हो चि मिन्ह शहरातल्या माय डक रुग्णालयात पीसीओएस असलेल्या स्त्रियांवर ही पद्धत वापरली गेली. त्यांना बीज पिकवण्यासाठी इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला नाही, आणि त्यांना झालेल्या बाळांची नोंद 2020 मध्ये प्रसिद्ध झाली.